मुकी टाळी

काकांचं सगळं आयुष्य गळती बंद करण्यात गेलं. नळ, टाक्या, मोऱ्या, भिंतीच्या पोटात दडलेले सांधे. जिथं थेंब पडतो तिथं काका हजर. गल्लीत त्यांना नळवाले काका म्हणत आणि त्यांच्या बायकोला मोजेवाल्या काकू. एका उंबऱ्याच्या आत दोन कारभार, एक पाण्याचा, एक लोकरीचा. काकूंनी मोजे कधी विकले नाहीत. पण थंडीची पहिली झुळूक खिडकीच्या फटीतून आत शिरली की त्यांच्या मांडीवर लोकरीचा गुंडा येऊन बसायचा, मांजरासारखा, आणि नाताळ उजाडेपर्यंत उठायचा नाही.

घरातल्या प्रत्येकाला दर नाताळला एक जोडी हातमोजे, हा त्या घरचा शिरस्ता. मोजे साधेच. चार बोटांना मिळून एक घर, अंगठ्याला वेगळी खोली, आणि हाताच्या पाठीवर विणीतून उमटलेलं एक पान. नाताळच्या सकाळी खिडकीत कागदाची चांदणी लागायची, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकाला दोरी बांधली जायची, आणि दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी मोजे लटकायचे. ज्यानं त्यानं आपली जोडी काढायची, हातात घालायची, आणि काकूंनी मान हलवली की सगळ्यांनी एकदम टाळी वाजवायची. लोकरीची टाळी ती, तिला आवाज कुठला? नुसतं एक मऊ 'धप्', उशीवर उशी पडल्यासारखं. तिला त्या घरात मुकी टाळी म्हणत. मुकी टाळी झाली की नाताळ लागला.

स्वतःसाठी मात्र काकूंनी कधी जोडी विणली नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायच्या, विणता विणता माझे हात गरमच असतात.

यंदा उन्हाळा सरता सरता काकूंचा डावा हात गेला. गेला म्हणजे होता तिथंच, खांद्याला, पण सांगितलेलं ऐकेना. सकाळी बशी उचलायला गेल्या आणि बशी पडली. काका म्हणाले, राहू दे, मी झाडतो. आणि वर बघतात तो काकूंचं अर्धं तोंड ओघळलेलं. मग दवाखाना, सलाईन, रात्रंदिवस खुर्चीत बसलेले काका. हळूहळू पाय परत आला, तोंड सरळ झालं, बोलणंही परतलं, थोडं लंगडत. हात तेवढा आला नाही. तो मांडीवर पडून असायचा, दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेतल्यासारखा, आणि कायम गार.

त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या गावी मोठ्या रुग्णालयात नर्स होती, एका अख्ख्या वॉर्डची प्रमुख. नवरा बस चालवायचा, पदरात एक चिमुरडी. लेकीनं आपल्या घरातली खालची खोली रिकामी करून ठेवली आणि फोनवर सांगितलं की दोघांनीही आता कायमचं तिकडंच यायचं. काका म्हणाले, बघू. काकूंनी विषय बदलला. लेकीनं तो परत आणला. ती म्हणाली, हाताचं मला काही नाही आई, मला डोक्याची भीती वाटते. परवा एकच गोष्ट तू मला तीनदा सांगितलीस, आणि गॅस चालू राहिला होता असं बाबा म्हणाले. काकूंनी काकांकडे असं बघितलं की काकांना एकाएकी बाहेरच्या नळाची आठवण झाली.

"हे बघ," काकू फोनमध्ये म्हणाल्या, "लेकीच्या घरी मी पाहुणी म्हणून येईन, पेशंट म्हणून नाही. नाताळला ये. दोरीवर सगळ्यांचे मोजे असतील, दरवर्षीसारखे. नसले, तर माझी बॅग तू भर. मी हूं की चूं करणार नाही."

शब्द तोंडातून गेला आणि मग काकूंना आठवलं, विणायला हात दोन लागतात.

दोन दिवस त्या सुयांशी झगडत राहिल्या. एका हातानं करून बघितलं. एक सुई काखेत धरली, गुडघ्यात धरली, उशीत खोचली. टाके पटापटा सुटले, शेंगेतून दाणे सुटावेत तसे. काका पेपर वाचायचं सोंग करत बघत होते. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि काकूंच्या डाव्या अंगाला येऊन बसले.

"डाव्या हाताला काय काम असतं, सांग."

"अक्कल लागत नाही त्याला," काकू म्हणाल्या. "नुसतं धरून बसायचं आणि वेळेवर सोडायचं."

"मग जमेल. लग्नापासून तेच करतोय."

असे ते विणायला लागले. डावी सुई काकांच्या डाव्या हातात, उजवी काकूंच्या उजव्या. डावी टाके धरून बसायची, उजवी येऊन एकेक उचलून न्यायची, आणि लोकरीचा वेढा काकूंच्या तर्जनीनंच पडायचा. काकांच्या उजव्या हाताला काम नव्हतं आणि दोघांच्या मध्ये त्याला जागाही नव्हती. तो काकूंच्या पाठीमागून जाऊन पलीकडच्या खांद्यावर टेकायचा. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली ती दारातच थबकली. या वयात हे काय, असं तिनं विचारलं. काका म्हणाले, विणकाम चाललंय. ती म्हणाली, दिसतंय की कसलं विणकाम ते. आणि साखर न घेताच हसत गेली.

काकूंच्या माहेरी नमुना कागदावर उतरवायची रीत नव्हती. आईला अक्षर येत नव्हतं, आजीला त्याहून नाही. त्यांच्याकडे विणीच्या ओव्या होत्या. ओवीची ओळ जिथं संपते तिथं तळवा संपतो, दुसरी संपते तिथं अंगठा. गळ्यातून जेवढे ठोके जातील तेवढे सुईवर टाके. मोज्यांच्या दोन ओव्या, डाव्या हाताची एक आणि उजव्या हाताची एक, कारण पान पाठीवर यायचं तर डाव्याला तळवा आधी विणावा लागतो आणि उजव्याला पाठ आधी. काकूंनी लोकर बोटाला गुंडाळली, डोळे मिटले आणि हलक्या आवाजात धरलं,

आधी तळव्याचं अंगण, टाका टाक्याला लागला,
मधे अंगठ्याची खोली, उंबरा आत वाकला,
मग पाठीवर पान, डावा हात गं झाकला.

हा सूर काकांनी वर्षानुवर्षं ऐकला होता, पेपराच्या पलीकडून, नळाच्या पाण्याच्या आवाजासारखा. वाहतोय तोवर कुणी कान देत नाही. आता कान देणं भाग होतं. 'लागला'ला टाका सोडायचा, 'वाकला'ला सुई जरा आत कलती करायची. चुकलं की काकू कोपरानं ढोसायच्या.

खरी अडचण निराळीच निघाली. काकांच्या हाताला आवळायची सवय. जे काही धरलं ते गच्च. सुईवर टाके असे करकचून बसायचे की काकूंची सुई आत शिरेना.

"अहो, लोकर आहे ती, नळाचे आटे नव्हेत."

"सैल सोडलं की गळतं, हा माझा अनुभव आहे."

"मोज्यात पाणी भरायचंय का आपल्याला?"

पहिली जोडी काकांचीच केली, हात बसावा म्हणून. ती इतकी घट्ट झाली की टेबलावर ठेवली तर उभी राहायची. काकांनी हात घालायचा प्रयत्न केला. बोटं निम्म्यावर अडकली आणि काढताना काकूंना ओढायला लागलं. दोघंही हसून हसून दमले. शेवटी काकांनी त्यातला एक मोजा अंगणातल्या नळाला चढवला आणि दुसरा मागच्या दारच्या. नाहीतरी कडाक्याच्या थंडीत नळ गोठू नये म्हणून त्यांना काहीतरी गुंडाळायचंच होतं. त्या जोडीचा अंगठा कुठं आहे आणि पान कुठं, हे बघायचं मग कुणाला सुचलंच नाही.

हळूहळू काकांचा हात सैलावला. दुपार झाली की खिडकीतलं ऊन दोघांच्या गुडघ्यांवर यायचं आणि ते बसायचे. आधी बोलत बोलत, मग बोलल्यावाचून. ओळ संपली की सुयांची अदलाबदल. तीही न सांगता व्हायला लागली. काकूंची सुई थकायला लागली की ते काकांना सुईतूनच कळायचं आणि ते म्हणायचे, मला बुवा चहा हवा. काकूंना ठाऊक होतं, दुपारी त्यांना चहा नको असतो. जावयाची जोडी झाली, करडी. लेकीची झाली, गर्द निळी. नातीच्या लाल जोडीतला एक मोजा झाला, दुसरा सुईवर चढला.

नाताळ तोंडावर आला होता. एका दुपारी काकूंचा डोळा लागला, तेव्हा काकांनी झालेले मोजे जोड्या लावून दोऱ्यानं बांधायला घेतले. जावयाचे दोन मोजे खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवले, पानं वर करून. आणि बघतच राहिले. जोडीचे अंगठे एकमेकांकडे बघतात. हे दोन्ही अंगठे एकाच दिशेला बघत होते, बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसांसारखे. एक मोजा फिरवून ठेवला, तर पान खाली गेलं. निळी जोडी घेतली. तेच. लाल मोजा होता एकच, तोही डावा. काका उठून अंगणात गेले, मग मागच्या दारी. दोन्ही नळ डावरे होते.

ते आत येऊन खुर्चीत बसले. आपण काय चुकलो हे आठवायला लागले आणि मग कानात ओवी वाजली, आणि त्यांना कळलं की आपण नाही चुकलो. इतक्या दिवसांत ओवी एकच होती. डाव्या मोज्याला ती, आणि उजव्या मोज्यालाही तीच. काकू डोळे मिटून, मन लावून, दोन्ही वेळा डावाच हात गात होत्या.

दुसरी ओवी होती. नक्की होती. काकांनी ती शिट्टीवर आणून बघितली. चाल आली, शब्द आले नाहीत. पाणी गेलेला नळ सोडल्यावर आधी नुसती हवा फुसफुसते, तसं. समोर काकू झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, मांडीवर तो गार हात. काकांना लेकीचं बोलणं आठवलं. हाताचं काही नाही, डोक्याची भीती वाटते.

सांगावं तर कसं? नाही सांगावं तर नाताळ उजाडल्यावर दोरी सांगणारच. आपल्यालाच गुपचूप उजवे विणता आले तर, म्हणून त्यांनी सुया उचलल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. पण ते फक्त डावा हात होते. धरणं आणि सोडणं एवढंच त्यांना येत होतं; उचलून नेणारी सुई काकूंची. त्यांच्या उजव्या हातात ती पान्यासारखी फिरायला लागली. तीन टाके पडले आणि त्यांनी सुया ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी नातीचा दुसरा मोजा विणताना ते सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "काय गं, या मोज्याला आधी पान घेऊन बघायचं का? आणि तळवा मागून. गंमत म्हणून."

काकूंची सुई टाक्यात अर्धी जाऊन थांबली. थांबलेली सुई काकांना आपल्या बोटांत जाणवली.

"ओवीत आहे तसं विणायचं," काकू म्हणाल्या, आणि सुई पुढं गेली.

पण त्या दुपारपासून त्या मोठ्यानं गायच्या थांबल्या. ओठ हलायचे, सूर यायचा नाही. काकांनीही पुन्हा काही विचारलं नाही. दोघं विणत राहिले, खांद्याला खांदा लावून, आणि दोघांच्या मधोमध ती न आलेली ओवी बसून राहिली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी लेक आली. मागून जावई, त्याच्या कडेवर पेंगुळलेली नात, आणि चाकांची एक मोठी बॅग. पायरीवरून काकांनी ती उचलून घेतली. रिकामी बॅग हाताला लगेच कळते. त्यांनी ती पलंगाखाली सरकवली, आत, भिंतीला लागेपर्यंत.

लेकीनं आल्या आल्या आईला कुशीत घेतलं आणि मग औषधांचा डबा बघितला, गॅसचा खटका बघितला, फ्रिज उघडून बघितला. बोलता बोलता आज कोणती तारीख म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, उद्या नाताळ आहे, एवढं मला पुरतं. तुला आणखी काही हवं असेल तर भिंतीवर कॅलेंडर आहे. जावई हसला. लेक हसली नाही.

सकाळ झाली. खिडकीत चांदणी, भिंतीवर दोरी, दोरीवर करडी, निळी आणि लाल जोडी. लेकीचा चेहरा दोरी बघून उजळला, हे काकांनी पाहिलं. सगळ्यांनी आपापल्या जोडीचे चिमटे सोडवले. नातीला तिच्या आईनं मोजे घातले, जावयानं आपले आपण चढवले, घाईत, न बघता. काकूंनी मान हलवली. धप्. मुकी टाळी वाजली.

"आई," जावई हात उलटे-पालटे करत म्हणाला, "मला एका तळव्यावर पान उगवलंय. आणि हा अंगठा मागं ओढतोय. बस चालवताना मागच्या प्रवाशांना रस्ता दाखवायला बरा."

नात ओरडली की तिच्याही हातात पान आहे, आणि ते जगाला दाखवत पलंगावर चढली. जावई अजून हसतच होता. काकूंनी दिलेल्या शब्दाचं त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. लेकीनं आपले दोन्ही हात समोर धरले. एका हाताच्या पाठीवर पान, दुसऱ्याच्या तळव्यात. मग नवऱ्याचे हात बघितले, मुलीचे बघितले, आणि शेवटी आईकडे बघितलं. वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी उभी राहून ती असंच बघत असणार.

"चूक माझी आहे," काका घाईघाईनं म्हणाले. त्यांनी बरंच काही सांगितलं. आपण डावीकडे बसतो, तिकडून उलटं दिसतं. आपलं डावं-उजवं लहानपणापासून कच्चं. एका गिऱ्हाईकाकडे गरम-गार नळ उलटे बसवले होते ते तुला आठवत असेल. लेकीला ते आठवत नव्हतं, कारण ते झालंच नव्हतं.

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या. रागानं नाही, तान्ह्याला थोपटावं तशा आवाजात. मग लेकीकडे वळल्या. "उजव्या हाताची ओवी गेली, पोरी. डावी आहे, उजवी नाही. शोधली. न्हाताना शोधली, देवाला हात जोडताना शोधली. पहिला शब्दसुद्धा सापडत नाही."

"तुला कधी कळलं?"

"परवा यांनी विचारलं, आधी पान घ्यायचं का. यांना विणकामातलं ओ की ठो कळत नाही. हे असं विचारतात म्हणजे काहीतरी बघितलंय. तेव्हा कळलं."

"मग तशीच विणत का राहिलीस?"

काकूंनी आपला गार हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "डावी तर येत होती ना. जे येतं ते विणलं. थांबले असते तर तीही गेली असती." मग त्या म्हणाल्या, "मी शब्द दिलाय. पलंगाखाली तुझी बॅग आहे, काढ. बरेच गरम कपडे वरच्या फळीवर आहेत."

जावयाच्या तोंडावरचं हसू कुठं ठेवावं हे त्याला कळेना. तो खिडकीतली चांदणी सरळ करायला लागला, सरळच होती ती.

लेकीनं उजव्या हातातला मोजा काढला. बोटं आतच अडकली होती म्हणून ओढला, तर तो उलटा होऊन आला, आतली बाजू बाहेर. ती तो तसाच हातात घेऊन बघत राहिली. वरून सगळं सारखं दिसत होतं. आतून दिसत होतं कोण कुठं बसलं होतं ते. सैल टाके, त्यांना खेटून घट्ट टाके. कुठं गाठ, कुठं तुटून पुन्हा जोडलेला धागा, कुठं एकाच ओळीत दोनदा केलेली दुरुस्ती. तिनं तो उलटा मोजा परत उजव्या हातात घातला. पान पाठीवर आलं. ओबडधोबड, शिरा वर आलेलं, पण पाठीवर. अंगठाही आपल्या जागी बसला.

"हे घट्ट टाके बाबांचे?"

"अजून आवळतात," काकू म्हणाल्या.

"मला दाखवा. कसं बसता ते."

काकांनी खुर्ची ओढली. डाव्या अंगाला बसले, उजवा हात काकूंच्या पाठीमागून नेला. निळी लोकर उरली होती. काकूंनी टाके घातले, काकांनी डावी सुई धरली, आणि पहिली ओळ सुरू झाली. लेक समोर जमिनीवर बसून बघत होती. तिच्या वॉर्डात अशा हातांना शिकवायला माणसं ठेवलेली होती. किती बोलावं लागायचं त्यांना. इथं कुणी बोलत नव्हतं. ओळ संपली आणि सुया आपसूक या हातातून त्या हातात गेल्या. काकूंची बोटं जरा मंदावली तसा काकांनी सुईचा कोन बदलला, भार आपल्याकडे घेतला. आई विचारायच्या आधीच. आईला कळलंही नाही, किंवा कळलं आणि तिनं कळू दिलं नाही.

दोन ओळी झाल्या आणि सुया थांबल्या. इथून पुढं ओवी लागते.

लेक आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाली, "वारा होता त्यात."

"कशात?"

"उजव्याच्या ओवीत. 'वारा' म्हणताना तू माझ्या बोटांवर फुंकर मारायचीस. डाव्याला मारायची नाहीस, म्हणून मी उजवा हात आधी पुढं करायची."

काकूंनी डोळे मिटले. ओठ हलले. "आधी पाठीवर पान," त्या म्हणाल्या, अंदाज घेत, अंधारात पाऊल टाकावं तशा, "वारा... वारा दारात थांबला."

"दिवा होता कुठंतरी," काका म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "खरंच होता. तू 'दिवा' म्हणालीस की मी पेपरातून वर बघायचो. मला वाटायचं, दिवा लावायला सांगतेयस."

"इतकी वर्षं?"

"उठलो कधी नाही. पण बघायचो."

काकू हसल्या आणि हसता हसताच दुसरी ओळ धरली. मधे अंगठ्याची खोली, दिवा आतून लागला. तिसऱ्या ओळीपाशी मात्र कुणाकडेच काही नव्हतं. लेकीला आठवेना. काकांनी चाल शिट्टीवर आणली, एकदा, दोनदा, पाणी येईना. काकू खाली बघत होत्या, दोन सुयांकडे, सुयांवरच्या दोन हातांकडे. एक सुरकुतलेला आणि नाजूक, एक सुरकुतलेला आणि जाड. मग त्यांनी मान वर केली.

"जुनी गेली तर गेली," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीनंही कुठल्यातरी दुपारी केलीच असेल ना." आणि मोठ्यानं, इतक्या दिवसांनी सूर लावून, त्यांनी ओवी सुरुवातीपासून म्हटली,

आधी पाठीवर पान, वारा दारात थांबला,
मधे अंगठ्याची खोली, दिवा आतून लागला,
मग तळव्याचं अंगण, डावा उजव्याला भेटला.

'भेटला'वर सुईनं टाका उचलला. ठोका बरोबर बसला होता. लेकीनं तोंड फिरवलं आणि नातीचे मोजे नीट करायला लागली, ते तर कधीचे पलंगावर पडले होते.

बॅगेचं पुढं कुणी काही बोललं नाही. लेकीनं अटी मात्र घातल्या, सवयीप्रमाणे. रोज सकाळी फोन. गॅसचा खटका बाबांकडे. महिन्याला एकदा ती येऊन बघणार, न सांगता. काकूंनी सगळं मान्य केलं आणि आपली एक अट घातली, की फोनवर तारीख विचारायची नाही. उजवे मोजे थंडी संपायच्या आत पुरे करायचे ठरलं. जावई म्हणाला, तोवर तो एक उलटा घालून बस चालवेल. लोक विचारतील तर सांगेल, सासरची माणसं आतून जास्त गरम आहेत.

दोन-तीन दिवस ती सगळी राहिली. निघायच्या सकाळी उजवा मोजा पुरा झाला, निळा, नव्या ओवीचा पहिला. माप कुणाचंच घेतलं नव्हतं, घ्यायचं सुचलंच नव्हतं. लेकीला तो आखूड झाला, नातीला ढगळ. तेव्हा लेकीनं तो आईच्या उजव्या हातात चढवला, आणि तो असा बसला की काकू गोंधळून हाताकडे बघत राहिल्या.

"याला डावा जोडीदार नाही," त्या म्हणाल्या.

काका उठून अंगणात गेले आणि नळाचा मोजा काढून आणला. इतके दिवस दंवात भिजून, उन्हात वाळून, नळाच्या अंगावर ताणून तो केव्हाचा सैलावला होता. रंग उडालेला, एका बाजूला गंजाचा डाग. काकांनी डावा हात आत घातला. या वेळी तो गेला, मनगटापर्यंत.

दारात जावयानं बॅग उचलली, एका बोटावर, आली तशी हलकी. लेकीनं पायरीवर उभं राहून मागं बघितलं. काकूंनी आपला उजवा हात वर केला. काकांनी आपला डावा त्याच्यासमोर नेला, पान मागं, तळवा पुढं.

धप्, झालं. पलंगावरची उशी पडावी एवढंच.